मुसलमान कोण, हे सरकारने ठरवायचे?

१९५४ साली पाकिस्तानात एक सरकारी चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. तो लिहिला होता न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर आणि न्यायमूर्ती एम. आर. कयानी यांनी. आदल्या वर्षी पंजाबात अहमदियांच्या, म्हणजे मिर्झा गुलाम अहमद यांना पैगंबर मानणाऱ्या पंथाच्या, विरोधात दंगली उसळल्या होत्या, लाहोरात लष्करी कायदा पुकारावा लागला होता. अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवा आणि त्यांच्यातले परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांना पदावरून काढा, अशी आंदोलकांची मागणी होती. चौकशीत साक्षीला आलेल्या नामवंत उलेमांना, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र्यांना, न्यायमूर्तींनी एक साधा प्रश्न विचारला: मुसलमान कोणाला म्हणायचे? प्रत्येकाने आपापली व्याख्या दिली आणि कोणाची कोणाशी जुळली नाही. मग न्यायमूर्तींनी कोरडेपणाने नोंदवले, की यांतल्या एकाची व्याख्या मानली तर आपण त्याच्या लेखी मुसलमान राहतो आणि बाकी सर्वांच्या लेखी काफिर ठरतो. स्वतःची वेगळी व्याख्या केली तर सगळ्यांच्याच लेखी धर्माबाहेर जातो.

धर्मशास्त्र्यांना जे जमले नाही ते सरकारने अंगावर घेऊ नये, एवढे त्या दोघांना कळले होते. वीस वर्षांनी पाकिस्तानच्या संसदेने ते अंगावर घेतले. ७ सप्टेंबर १९७४ रोजी दुसरी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर झाली आणि अहमदिया घटनेनुसार बिगरमुस्लिम झाले. हे करणारे सरकार लष्करशहाचे नव्हते, मौलवींचेही नव्हते. समाजवादाची भाषा बोलणारे, निवडून आलेले झुल्फिकार अली भुत्तो यांचे सरकार होते ते. ज्यांना त्याने धर्माबाहेर काढले, त्या अहमदियांनी १९७० च्या निवडणुकीत भुत्तोंच्याच पक्षाला साथ दिली होती.

मुस्लिमबहुल देशांत अल्पसंख्याकांचे काय होते, हा विषय निघाला की चर्चा लगेच कुराणाकडे वळते. एक जण ‘धर्मात जबरदस्ती नाही’ ही आयत काढतो, दुसरा धर्मत्याग्याला देहान्त सांगणारे जुने फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचे, दाखले काढतो. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही शेकडो वर्षे शेजारीशेजारी नांदत आली आहेत. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की खऱ्या धर्माचे प्रमाणपत्र देण्याचा शिक्का कोणाच्या हातात आहे. तो सरकारच्या हाती गेला की पुढचे सारे कसे घडते, हे पाकिस्तानात तारीखवार पाहता येते. तिथे प्रत्येक पायरी कागदावर आहे.

त्याआधी एका आकड्याचा निकाल लावू. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात तेवीस टक्के अल्पसंख्याक होते, आज तीन-चार टक्के उरले, हे वाक्य आपल्याकडे मोबाइलवरून फिरत असते. ते तेवीस टक्के दोन्ही पाकिस्तान मिळून होते. आजच्या पाकिस्तानातले बहुतेक हिंदू आणि शीख १९४७ च्या रक्तपातातच निघून आले किंवा मारले गेले. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम पाकिस्तानात हिंदू दीड टक्क्याच्या आसपास होते आणि आजही ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आगेमागे आहे. पूर्वेकडची गळती मात्र खरी आहे: १९५१ ला सुमारे बावीस टक्के असलेले हिंदू बांगलादेशाच्या २०२२ च्या जनगणनेत आठ टक्क्यांवर आले. आकडा नीट मांडायचा तो अशासाठी, की चुकीच्या आकड्यातून चुकीचे चित्र उभे राहते. पाकिस्तानातल्या चाळीस-पन्नास लाख हिंदूंना आणि तेहतीस लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोकांना कोणी पुसून टाकलेले नाही. ते तिथेच आहेत. कराचीत आजही काही मराठी घरांत गणपती बसतो, आणि नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा तिथे अजून उभी आहे. प्रश्न त्यांच्या नाहीसे होण्याचा नाही, कोणत्या कायद्याखाली ते जगतात याचा आहे.

११ ऑगस्ट १९४७ रोजी जीनांनी घटनासमितीपुढे सांगितले होते, की तुमचा धर्म कोणता याच्याशी राज्यकारभाराचा काही संबंध नाही. त्या बैठकांचे हंगामी अध्यक्षपद जोगेंद्रनाथ मंडल यांना दिले होते. हेच ते बंगालचे दलित नेते, ज्यांनी १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांना बंगालमधून भारताच्या घटनासमितीवर निवडून आणण्यासाठी धडपड केली होती. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. पूर्व बंगालमधल्या दंगलींनंतर, १९५० मध्ये राजीनामा देऊन ते भारतात परतले.

मधल्या काळात, मार्च १९४९ मध्ये, उद्दिष्टांचा ठराव मंजूर झाला. सार्वभौमत्व अल्लाचे आणि राज्य त्याच्या मर्यादेत चालेल, असे त्यात म्हटले होते. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रकुमार दत्त या हिंदू सदस्यांनी विरोध केला, दुरुस्त्या सुचवल्या. त्या फेटाळल्या गेल्या, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले सगळे बिगरमुस्लिम होते. ठरावाच्या समर्थनार्थ सभागृहात जे बोलले त्यांत जफरुल्ला खान होते. चारच वर्षांनी लाहोरच्या रस्त्यांवर त्यांच्याच नावाने शिमगा सुरू झाला. ठराव आणणाऱ्या पंतप्रधान लियाकत अली खान यांना अल्पसंख्याकांचा छळ करायचा होता, असे मला वाटत नाही. त्यांना उलेमांना शांत करायचे होते. पण राज्याच्या पायात धर्म घातल्यावर तो धर्म म्हणजे नेमका काय, हे आज ना उद्या कोणाला तरी ठरवावेच लागणार होते.

ती वेळ कशी आली तेही पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षपद मुसलमानासाठी राखले, १९७३ च्या घटनेने पंतप्रधानपदही. जागा राखीव झाली की पात्रता तपासावी लागते. म्हणून शपथेतच पैगंबरत्व मुहम्मदांवर संपले हे वदवून घेण्याची तरतूद आली आणि पुढल्याच वर्षी व्याख्या आली. दहा वर्षांनी, एप्रिल १९८४ मध्ये, लष्करशहा जनरल झिया-उल-हक यांनी विसावा अध्यादेश काढला. अहमदियांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायचे नाही, अजान द्यायची नाही, स्वतःला मुसलमान म्हणवायचे नाही. म्हटले तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. भुत्तोंनी त्यांना धर्माबाहेर काढले, झियांनी बाहेर उभे राहून प्रार्थना करणेही गुन्हा केले. आणखी एक बारीक कारागिरी झियांच्या राजवटीची. १९४९ चा ठराव १९८५ मध्ये घटनेच्या मुख्य भागात घातला, तेव्हा अल्पसंख्याकांना धर्माचरण ‘मुक्तपणे’ करता येईल या वाक्यातला ‘मुक्तपणे’ गळून पडला. तो परत यायला २०१० ची अठरावी घटनादुरुस्ती लागली.

१९९३ साली हा अध्यादेश सर्वोच्च न्यायालयात कसाला लागला आणि टिकला. बहुमताच्या निकालात ट्रेडमार्कच्या कायद्याचा आधार आहे, चक्क कोकाकोलाचे उदाहरण आहे: कंपनी जशी दुसऱ्याला तिच्या नावाच्या बाटलीत आपला माल विकू देणार नाही, तसेच हे. श्रद्धा ही बहुसंख्याकांच्या मालकीची मुद्रा ठरली आणि नक्कल करणारा फौजदारी गुन्हेगार. विसाव्या शतकातल्या न्यायनिवाड्यांत याहून विचित्र तर्क फार नसतील.

अब्दुस सलाम यांची कहाणी आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेला हा पाकिस्तानी अहमदिया होता. १९९६ साली वारल्यावर त्यांना रबवा गावी पुरले. थडग्यावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असे कोरले होते, त्यातला ‘मुस्लिम’ शब्द अधिकाऱ्यांच्या हुकमाने पुसला. गावाचेही नाव बदलून चिनाबनगर केले. पण थडग्यापेक्षा मला पासपोर्टचा अर्ज जास्त बोलका वाटतो. स्वतःला मुसलमान लिहायचे असेल तर पाकिस्तानी नागरिकाला अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांना तोतया म्हणणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागते. दुबईला गवंडीकामाला निघालेल्या माणसालाही. ज्याला या वादाशी देणेघेणे नाही, त्या कोट्यवधी सुन्नी नागरिकांकडून सरकार दुसऱ्याच्या श्रद्धेचा निषेध लिहून घेते. अल्पसंख्याकाला कोंडणारा कायदा बहुसंख्याकाचीही मान कशी वाकवतो, हे या एका सहीत दिसते.

ईशनिंदेच्या कायद्यात तर हे उघडच आहे. मूळ कलम २९५-अ इंग्रजांनी १९२७ मध्ये घातले आणि ते जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अवमानाबद्दल होते. भारताच्या दंडसंहितेतही ते राहिले. झियांनी पुढे २९५-ब आणि १९८६ मध्ये २९५-क जोडले. पैगंबरांच्या अवमानाला देहान्त, आणि कलमात हेतूचा उल्लेखच नाही. फाशी आजवर एकालाही दिली गेलेली नाही. मारले ते जमावाने, शेजाऱ्यांनी, अंगरक्षकाने. दोन ख्रिस्ती आरोपींना निर्दोष सोडणारे न्यायाधीश आरिफ इक्बाल भट्टी यांना १९९७ मध्ये लाहोरात गोळ्या घातल्या. आरोपीचे वकीलपत्र घेणारे रशीद रहमान २०१४ मध्ये मुलतानच्या कार्यालयात मारले गेले. मर्दानच्या विद्यापीठात मशाल खानला २०१७ मध्ये त्याच्याच सहाध्यायांनी ठेचून मारले. यांतले बहुतेक मुसलमान होते, आणि आरोपींच्या यादीतही मुसलमानांची संख्या मोठी आहे. जमिनीचा वाद, भाऊबंदकी, वर्गातली चुरस, काहीही पुरते. कायद्याने हत्यार करून दिले आणि ज्याला हवे त्याने ते उचलले.

आसिया बीबीचा खटला जगभर गाजला, पण त्याची सुरुवात मराठी वाचकाने लक्ष देऊन वाचावी. जून २००९, पंजाबातले इत्तनवाली गाव. फालसे तोडणाऱ्या मजूर बायका. आसियाने पाणी आणले, आणि ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी आम्ही पिणार नाही, असे बाकीच्या म्हणाल्या. वादावादी झाली, त्यातून ईशनिंदेचा आरोप. ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी मुसलमानाला वर्ज्य आहे, असे कोणत्याही इस्लामी ग्रंथात शोधून सापडणार नाही. ते सापडते जातीत. पंजाबातले बहुसंख्य ख्रिस्ती मूळचे चुहडा या सफाईकाम लादलेल्या जातीतले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धर्मांतरित झालेले. आजही सफाई कामगारांच्या सरकारी जाहिरातींत ‘फक्त बिगरमुस्लिम’ अशी अट छापल्याची उदाहरणे निघतात. महाड ज्यांना ठाऊक आहे त्यांना इत्तनवालीचे भांडण समजावून सांगावे लागणार नाही. बाटलेल्याची जात जात नाही, हे आपण जाणतोच. पाकिस्तानात तीच जात धर्माच्या नावाने कोर्टात उभी राहिली.

आसियाच्या बाजूने बोलले म्हणून पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने मारले, आणि न्यायालयात आणताना वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या. दोन महिन्यांनी मंत्रिमंडळातले एकमेव ख्रिस्ती मंत्री शहबाज भट्टी मारले गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसियाला निर्दोष ठरवले आणि त्याविरुद्ध देशभर रस्ते अडवले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये जडांवाला गावात कुराणाच्या विटंबनेची आवई उठली आणि एका दिवसात वीसहून अधिक चर्च जळाली.

सिंधमधले हिंदू वेगळ्याच पेचात आहेत. त्यांतले बहुसंख्य मेघवार, भील, कोल्ही. जमीनदारांच्या शेतांवर राबणारे. मुली पळवल्या जातात, धर्मांतर आणि निकाह एकाच दिवशी उरकले जातात, मुलगी कोर्टात ‘स्वखुशीने’ सांगते. सिंध विधानसभेने नोव्हेंबर २०१६ मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध विधेयक मंजूर केले. धार्मिक पक्षांच्या दबावाखाली राज्यपालांनी सही केली नाही. २०२१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचे विधेयक समितीतच मेले. हिंदूंच्या लग्नाची कायदेशीर नोंद करण्याची सोयही सिंधमध्ये २०१६ साली आणि देशाच्या बाकी भागात २०१७ साली आली. तोवर, पळवलेली बाई माझी बायको आहे, हे नवऱ्याने कोणत्या कागदाने दाखवायचे होते?

हे सारे इस्लामने अटळ केले आहे काय? सेनेगलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान, आणि तिथे लिओपोल्ड सेंघोर हे कॅथलिक गृहस्थ १९६० पासून वीस वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले. सुदानने २०२० मध्ये धर्मत्यागाचा गुन्हा कायद्यातून काढला. उलट इंडोनेशिया पाहा: राज्यधर्म नाही, पण सहा धर्मांना सरकारी मान्यता आणि १९६५ चा ईशनिंदेचा कायदा, त्यामुळे जकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर २०१७ मध्ये दोन वर्षांसाठी तुरुंगात गेले. इराणची घटना पारशी, ज्यू आणि ख्रिस्ती यांना मान देते आणि इराणातच उगम पावलेल्या बहाई धर्माच्या लोकांचे नावही घेत नाही. बहाईंना विद्यापीठाचे दार बंद. श्रद्धा त्याच, परिणाम वेगळे. फरक पडतो तो सरकारने यादी करायला घेतली की नाही, याने. आणि यादी एकदा सुरू झाली की ती थांबत नाही. १९८५ मध्ये झंगला स्थापन झालेल्या सिपाह-ए-सहाबा या कट्टर सुन्नी संघटनेची मागणी होती, की आता शियांनाही बिगरमुस्लिम ठरवा. जीना स्वतः शिया होते, एवढे सांगितले तरी पुरे. जानेवारी २०१३ मध्ये क्वेट्टाच्या हजारा शियांनी बॉम्बस्फोटातल्या आपल्या माणसांचे मृतदेह पुरायला नकार दिला आणि कडाक्याच्या थंडीत शवपेट्या घेऊन ते रस्त्यावर बसून राहिले.

मुनीर अहवालातला आणखी एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी साक्षीला होते. हे आपल्या औरंगाबादचे, जन्म १९०३. त्यांना विचारले, की पाकिस्तानात तुम्ही इस्लामी राज्य आणणार असाल, तर भारतात हिंदूंनी आपल्या धर्माचे राज्य आणलेले चालेल का? चालेल, ते म्हणाले. तिथल्या मुसलमानांना मनूच्या कायद्याप्रमाणे शूद्र आणि म्लेंच्छ म्हणून वागवले, नागरिकत्वाचे हक्क नाकारले, तरी माझी हरकत नाही. कोट्यवधी भारतीय मुसलमानांचा हा परस्पर सौदा होता, आणि त्यांतले बरेच मराठवाड्यातले, मौदूदींच्या आळीतले असणार. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे केले ते या विचाराला इथल्या मातीतून दिलेले उत्तर होते. त्यांना आपल्या समाजात विरोध सोसावा लागला हे खरे. तरी त्यांच्यावर खटला भरायला सरकारकडे धर्माची व्याख्या नव्हती.

पाकिस्तानातल्या बातम्या आपल्याकडे ज्या समाधानाने वाचल्या जातात, त्यात मला मौदूदींचेच उत्तर उलट बाजूने ऐकू येते: ते तसे वागतात, मग आपण का नाही? लाहोरच्या अस्मा जहांगीर यांनी हा हिशेब मानला नाही. वकील म्हणून त्यांनी ईशनिंदेच्या आरोपींची बाजू लढवली, धमक्या झेलल्या. संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष दूत म्हणून त्या २००८ मध्ये भारतात आल्या आणि इथल्या अनेक राज्यांतल्या धर्मांतरविरोधी कायद्यांवर त्यांनी अहवालात बोट ठेवले. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नका, असेही सुचवले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला होता. सगळ्या दलित शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, आणि नागपूरला दीक्षा घेतलेल्या लाखो बौद्धांना केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. या आदेशाने कोणी तुरुंगात गेले नाही, त्यामुळे पाकिस्तानच्या अध्यादेशाशी याची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. पण धर्म बदलला म्हणून हक्क जाणे हे त्या बौद्ध कुटुंबांनी चौतीस वर्षे अनुभवले. मुसलमान आणि ख्रिस्ती दलितांना त्या यादीत अजून जागा नाही.